पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर: निवड, वापर आणि देखभाल

माघ सरून फाल्गुन लागला की मराठवाड्यातील कडुलिंब, पिंपळ आणि साग एकाच सुमारास पाने गाळू लागतात, आणि शाळांची मैदाने, मंगल कार्यालये, देवस्थानांची आवारे, साखर कारखान्यांच्या वसाहती यांच्या झाडलोटीचे काम एकदम वाढते. खराट्याने होणाऱ्या या कामाला माणसे मिळेनाशी झाल्यामुळे अनेक ठिकाणी आता हवेच्या झोताने पाला लोटणारा, पाठीवर घ्यायचा पेट्रोल ब्लोअर वापरला जातो. यंत्राची रचना साधी आहे: टू-स्ट्रोक इंजिन, त्याच्याच दांड्यावर बसवलेला पंखा, कमरेजवळून पुढे येणारी लवचिक नळी आणि मुठीवरची रेस. तरीसुद्धा एका उन्हाळ्यात बंद पडून कोठीच्या कोपऱ्यात गेलेले ब्लोअर बरेच दिसतात. त्यामागची कारणे तपासली तर बहुतेक वेळा दोनच निघतात, एक फुफाटा आणि दुसरे चुकीचे मिसळलेले पेट्रोल. यंत्र निवडताना, वापरताना आणि ठेवताना हे दोन शत्रू डोळ्यांपुढे असले पाहिजेत, म्हणून या लेखात अश्वशक्तीच्या गणितापेक्षा त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

आधी जागा पाहावी

ब्लोअर कडक पृष्ठभागावर काम करतो. फरशी, पेव्हर ब्लॉक, डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता, दाबून बसवलेला मुरूम, कापलेली हिरवळ, अशा जागेवर त्याचा खरा उपयोग होतो. मोकळ्या काळ्या मातीच्या अंगणात मात्र पाचोळ्याबरोबर मातीही उडते, शेजाऱ्यांच्या वाळवणावर जाऊन बसते आणि त्यातली बरीचशी यंत्राच्याच नाकातोंडात जाते. तिथे खराटाच बरा. आवार चार-पाच गुंठ्यांचे असेल तरीही पाठीवरच्या यंत्राची गरज नाही. हातात धरायचा बॅटरीवरचा ब्लोअर तेवढ्यासाठी पुरतो आणि त्याचा आवाजही कमी असतो. अर्धा एकर किंवा त्याहून मोठे आवार, आणि तेही रोज किंवा दिवसाआड झाडायचे असेल, तरच या यंत्राचा खर्च अंगावर घ्यावा.

फळबागायतदारांनी एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. जालना, अंबड, पैठण भागातील मोसंबी असो किंवा धाराशिव-लातूरकडचा केशर आंबा असो, झाडाखाली पडलेला पाला हे फुकटचे आच्छादन आहे. तो जमिनीतील ओल धरून ठेवतो आणि कुजून खत होतो. ज्या प्रदेशात टँकरने बागा जगवण्याची वेळ येते, तिथे आळ्यातील पाला उडवून बाग चकाचक करण्यात शहाणपण नाही. रोगट पाने आणि गळालेली किडकी फळे मात्र वेचूनच बाहेर काढावीत, कारण झोताने ती बागभर पसरतात. बागेत ब्लोअरचे काम एवढेच की रस्त्यावरचा, पॅकिंगच्या शेडमधला आणि ठिबकच्या फिल्टरभोवतालचा पाला लोटून पुन्हा आळ्यांकडे न्यावा. अंबिया बहराची (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या मोहराची) फुले असताना तर ओळींमध्ये यंत्र नेऊच नये.

काही जागा पूर्णपणे वर्ज्य आहेत. जिनिंगमध्ये कापूस पडलेला असतो तिथे, कडब्याच्या गंजीजवळ आणि सोयाबीनच्या भुसाच्या ढिगाशेजारी हे यंत्र चालवू नये. सायलेन्सर चांगलाच तापतो आणि त्यातून ठिणगी येऊ शकते. खळ्यावर धान्य उपणण्यासाठीही याचा उपयोग नाही, कारण झोताबरोबर दाणेही जातात. माल भरून झाल्यावर सिमेंटचे खळे झाडण्यासाठी मात्र हे उत्तम आहे.

दुकानदार कधी कधी ब्लोअर मागितला असता फवारणीचा मिस्ट ब्लोअर दाखवतात. त्यालाही असेच इंजिन व पंखा असतो, पण वर औषधाची टाकी असते आणि झोतातून फवारा निघतो. टाकी रिकामी ठेवून त्याने पाला उडवता येतो हे खरे, परंतु कपाशीवर कीटकनाशक फवारलेले यंत्र शाळेच्या किंवा मंदिराच्या आवारात आणणे योग्य नाही. नळीत आणि पंख्याच्या घरात राहिलेले औषध धुळीबरोबर उडते. दोन्ही कामे असतील तर दोन यंत्रे ठेवावीत.

खोक्यावरचे आकडे

पाठीवरचे ब्लोअर साधारणपणे ४० ते ८० सीसी इंजिनांचे येतात. ४० ते ५० सीसीचे यंत्र हलके असते आणि शाळा किंवा मोठा वाडा यांना पुरते. ६० ते ६५ सीसीचा गट संस्था व कारखान्यांच्या आवारांसाठी योग्य असतो. त्यावरची यंत्रे दिवसभर व्यावसायिक काम करणाऱ्यांनीच घ्यावीत. वजन साधारण ८ ते १२ किलो असते आणि भरलेल्या टाकीने त्यात दीड किलोच्या आसपास भर पडते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे ओझे तासभर पाठीवर घेऊन चालायचे आहे, ही गोष्ट गार दुकानात उभे असताना विसरली जाते.

खोक्यावर दोन आकडे ठळक असतात. एक हवेचे प्रमाण सांगतो, म्हणजे तासाला किती घनमीटर किंवा मिनिटाला किती घनफूट हवा निघते. दुसरा हवेचा वेग सांगतो. मिनिटाच्या घनफुटांना १.७ ने गुणले की तासाचे घनमीटर मिळतात, आणि सेकंदाच्या मीटरांना ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर. एवढे गणित केल्याशिवाय दोन कंपन्यांच्या यंत्रांची तुलना होत नाही. काही विक्रेते नळी न लावता मोजलेले प्रमाण छापतात, ते नळी लावल्यावर कमी भरते; म्हणून न्यूटनमध्ये दिलेले फुंकण्याचे बळ उपलब्ध असेल तर त्यावर अधिक विसंबावे.

या दोन आकड्यांपैकी कोणता महत्त्वाचा, हे आपल्या आवारातील झाडांवर ठरते. कडुलिंबाची, गुलमोहराची आणि चिंचेची पाने बारीक व हलकी असतात. ती उडवायला वेग फारसा लागत नाही, पण ती पेव्हर ब्लॉकच्या फटींत रुतून बसतात आणि तेव्हा चपट्या तोंडाचा नोझल कामाला येतो. सागाची पाने याउलट. ताटाएवढे वाळलेले पान झोताने उलटते, थोडे सरकते आणि पुन्हा बसते, त्यामुळे त्याचा ढीग पुढे ढकलत न्यायचा तर हवेचे प्रमाण मोठे लागते. आंबा, वड, पिंपळ यांचे या दोहोंच्या मधले. नुसता वेगाचा मोठा आकडा पाहून घेतलेले छोटे यंत्र सागाच्या ढिगापुढे हात टेकते.

दुकानात पाहायच्या गोष्टी

सर्वांत आधी एअर फिल्टरचे झाकण उघडून पाहावे. ते हाताने, पाना-पेचकस न लावता उघडते का? फिल्टर जमिनीच्या बाजूला आहे की उंचावर? त्यात नुसता फोम आहे की फोमच्या आत कागदी घड्यांचा दुसरा फिल्टरही आहे? मराठवाड्यातील धुळीसाठी दोन पदरी फिल्टर आणि सहज उघडणारे झाकण या दोन गोष्टी पाच-दहा सीसी जास्त असण्यापेक्षा मोलाच्या आहेत. झाकणाला चार स्क्रू असले की रोजची सफाई आठवड्यावर जाते आणि मग महिन्यावर.

त्यानंतर यंत्र पाठीवर घ्यावे, टाकी भरून घ्यावे आणि दुकानात पाच-सात मिनिटे फिरावे. पट्टे रुंद व गादीचे असावेत, पाठीला टेकणारी बाजू हवा खेळेल अशी असावी, आणि इंजिन व चौकट यांच्यामध्ये स्प्रिंगा किंवा रबरी बुश असावेत. कंप कमी असेल तरच हात व मनगट टिकते. मुठीवरची रेस एका जागी अडकवून ठेवण्याची सोय असेल तर बोटांना विश्रांती मिळते.

मग प्रश्न येतो सुट्या भागांचा. स्टिल, हुस्कवर्ना, एको यांसारख्या जुन्या कंपन्यांची यंत्रे महाग असतात आणि बिनब्रँडची आयात यंत्रे पुष्कळच स्वस्त मिळतात. स्वस्त यंत्र वाईटच असते असे नाही. मात्र विक्रेत्याला स्पष्ट विचारावे की प्लग, एअर फिल्टर, टाकीतला पेट्रोल फिल्टर, कार्बोरेटरचे डायफ्राम किट (त्यातले पातळ पडदे), स्टार्टरची दोरी आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या आज त्याच्याकडे कपाटात आहेत का. ‘मागवून देऊ’ हे उत्तर मिळाले तर पाचोळ्याचा हंगाम संपेपर्यंत यंत्र पडून राहील असे समजावे. मोंढ्याजवळ फवारणी पंप, ग्रास कटर दुरुस्त करणारा मिस्त्री बहुतेक तालुक्यांत असतो. पैसे देण्यापूर्वी त्याला एकदा विचारले तर कोणत्या यंत्राचे भाग मिळतात आणि कोणते यंत्र वारंवार टेबलावर येते, ते तो मोकळेपणाने सांगतो. जाहिरातीपेक्षा हे मत खात्रीचे असते.

काही यंत्रांत फोर-स्ट्रोक पद्धतीचे इंजिन असून ते टू-स्ट्रोकप्रमाणेच ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालते. धूर कमी आणि आवाज थोडा खर्जातला, हे त्याचे गुण. ठरावीक तासांनी व्हॉल्व्हचे अंतर तपासावे लागते, हे त्याचे काम. जवळपास ते करणारे कोणी नसेल तर साधे टू-स्ट्रोक पत्करावे.

जुने यंत्र घ्यायचे असल्यास ते थंड असताना दोरी हळू ओढून पाहावी. दोरीला स्प्रिंगसारखा उलटा जोर जाणवला पाहिजे. दोरी सैल, एकसारखी निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे मानून सौदा सोडून द्यावा. विकणाऱ्याने यंत्र आधीच तापवून ठेवले असेल तर तेही खटकले पाहिजे.

पेट्रोल आणि टू-टी ऑइल

ब्लोअरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगना जे वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीच्या, ऑइलमधूनच. म्हणून साधे पेट्रोल भरून यंत्र काही मिनिटे जरी रेस देऊन चालवले, तरी पिस्टन ओरखडे पडून जाम होऊ शकतो, आणि ती दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.

प्रमाण माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिलिलिटर, आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. पाच लिटरच्या कॅनला ५०:१ प्रमाणाने १०० मिलिलिटर ऑइल लागते. बाटलीच्या टोपणाने किंवा अंदाजाने मोजू नये. औषध दुकानातली सुई नसलेली मोठी सिरिंज किंवा खुणा असलेले मोजपात्र याच कामासाठी वेगळे ठेवावे. थोडे जास्त घातले तर चालेल, ही समजूत अर्धीच खरी आहे. कमी ऑइलने इंजिन जळते, तर जास्त ऑइलने प्लग काळा पडतो, सायलेन्सरची जाळी काजळीने भरते आणि यंत्र रेस घेईनासे होते.

ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचे असावे आणि डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी अशी प्रत छापलेली असावी. मोटारीचे किंवा ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल या कामाचे नाही. बोटीच्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू-३ प्रकारचे ऑइलही घेऊ नये, कारण ती इंजिने पाण्याने थंड होतात आणि आपला ब्लोअर चाळीस अंशांच्या हवेत चालतो.

मिश्रण नेहमी वेगळ्या कॅनमध्ये करावे, यंत्राच्या टाकीत कधीही नाही. कॅनमध्ये आधी अर्धे पेट्रोल घ्यावे, त्यात मोजलेले ऑइल घालावे, झाकण लावून चांगले हलवावे आणि मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. बहुतेक टू-टी ऑइलांना रंग असतो, त्यामुळे तयार मिश्रण साध्या पेट्रोलपेक्षा वेगळे दिसते. तरीही कॅनवर प्रमाण आणि तारीख रंगाने किंवा चिकटपट्टीवर लिहून ठेवावी. मोटारसायकलच्या पेट्रोलचा कॅन त्याच कोनाड्यात ठेवला की एक दिवस गल्लत झाल्याशिवाय राहत नाही. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल साठवू नये.

आता इथेनॉलविषयी. पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे, पण छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांचीच मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व डायफ्राम कडक किंवा फुगीर करते, आणि पाणी जास्त शोषले गेले की पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. म्हणून यंत्र २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालते का, हे घेतानाच विचारून बिलावर लिहून घ्यावे. मिश्रण आठ-दहा दिवस पुरेल एवढेच करावे, महिन्यापेक्षा जुने झालेले वापरू नये आणि पावसाळ्यात तर टाकीत ते राहू देऊ नये.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि गार असावे, यंत्र जमिनीवर असावे, आणि जवळ कोणी विडी-काडी ओढत नसावे. भरून झाल्यावर झाकणाभोवती सांडलेले पुसून, तीन-चार मीटर बाजूला जाऊन मगच यंत्र सुरू करावे.

अंगावर काय असावे

गळ्यातला रुमाल, उपरणे, ओढणी, साडीचा पदर यांपैकी काहीही मोकळे ठेवून हे यंत्र पाठीवर घेऊ नये. हवा आत ओढणारे तोंड नेमके पाठीमागे किंवा बगलेखाली असते आणि लोंबणारे टोक जाळीपाशी खेचले जाते. जाळी फुटलेली असेल तर पंख्यातही जाते. उन्हासाठी डोक्याला रुमाल बांधायची आपल्याकडे सवय आहे, त्याची टोके सदऱ्याच्या आत खोचावीत. लांब केस बांधून टोपीत घ्यावेत.

कानांचे रक्षण हा चैनीचा भाग नाही. या यंत्रांचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी बहुधा ९५ ते १०५ डेसिबलच्या घरात असतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर प्रत्येक ३ डेसिबलच्या वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. कानावर बसणारे मफ किंवा फोमचे प्लग वापरावेत, कापसाच्या बोळ्याने विशेष काही साधत नाही. डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला चष्मा, नाकाला एन-९५ मास्क, पायांत बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

आवाजाचा प्रश्न शेजाऱ्यांचाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तर रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० डेसिबल आहे. हे यंत्र त्या मर्यादेत बसणे कठीण आहे. शाळेच्या आवारात मुले येण्यापूर्वी आणि वस्तीत लोक जागे झाल्यावर काम उरकावे, परीक्षेच्या दिवसांत तर खराटाच काढावा.

सुरू करणे आणि काम करणे

थंड यंत्र सुरू करताना ते सपाट जमिनीवर ठेवून एका हाताने दाबून धरावे. रबरी प्रायमर (पेट्रोल ओढून घेणारा छोटा फुगा) त्यात पेट्रोल दिसेपर्यंत पाच-सात वेळा दाबावा, चोक बंद करावा, दोरी हळू ओढत जोर लागेल तिथपर्यंत आणावी आणि मग झटक्याने ओढावी. दोरी पूर्ण टोकापर्यंत ताणू नये आणि सोडूनही देऊ नये. हाताबरोबर परत जाऊ द्यावी. इंजिन एकदा ‘फट’ करून खोकले की चोक उघडावा आणि पुन्हा ओढावी. येथेच नवशिक्यांची गडबड होते. चोक बंदच ठेवून दोरी ओढत राहिल्याने इंजिन पेट्रोलने भरते आणि प्लग ओला होतो. तसे झाले तर प्लग काढून पुसावा, चोक उघडून व बटण बंद ठेवून दोरी काही वेळा ओढावी, प्लग बसवून पुन्हा प्रयत्न करावा. तापलेल्या यंत्राला चोक लागत नाही.

सुरू झाल्यावर मिनिटभर सावकाश चालू द्यावे. काम संपल्यावरही पूर्ण रेसवरून थेट बंद न करता थोडा वेळ संथ चालवावे, म्हणजे पंख्याच्या हवेने सिलिंडर निवतो.

काम सकाळी करावे. परभणी, नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, त्या वेळी दहानंतर इंजिन आणि माणूस दोघेही हाशहुश करतात. वाऱ्याकडे पाठ करून, भिंतीकडून मोकळ्या बाजूला जावे. नोझल जमिनीशी तिरका ठेवून कमरेपासून सावकाश इकडून तिकडे फिरवावा. सरळ खाली रोखला की माती उकरली जाते. कडुलिंबाच्या पानाला अर्धी रेस पुरते. पूर्ण रेस ही ओल्या, चिकटलेल्या पाल्यासाठी राखून ठेवावी, कारण तिने पेट्रोलही झपाट्याने संपते आणि धूळही दुप्पट उठते. पाण्याची टंचाई नसेल तर फार धुळीच्या जागेवर आधी हलके शिंपण करावे.

माणसे आणि जनावरे किमान १५ मीटर दूर असावीत. उभ्या गाड्यांच्या दिशेने झोत नेऊ नये, मुरमातला खडा काच फोडतो. पाल्याचा ढीग झाला की त्याच्यापुढे ताडपत्री पसरून तिच्यावरच पाला लोटावा आणि चारी टोके धरून ती ओढत खतखड्याकडे न्यावी. ढिगाला काडी लावणे कितीही सोयीचे वाटले तरी उघड्यावर कचरा जाळण्यास नियमाने मनाई आहे, शिवाय जळते ते आपलेच खत असते.

धुळीची देखभाल

पुस्तिकेत एअर फिल्टरसाठी दिलेले तास स्वच्छ हवेच्या देशांतले असतात. आपल्याकडे ते निम्मे धरावेत, आणि उन्हाळ्यात तर रोजचे काम संपल्यावर झाकण उघडायचेच असा नेम ठेवावा. झाकण उघडण्याआधी बाहेरची धूळ ब्रशने झाडावी, नाहीतर ती थेट कार्बोरेटरच्या तोंडात पडते. फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पिळ न देता दाबून, सावलीत पूर्ण वाळवावा. पुस्तिकेत सांगितले असेल तरच त्याला ऑइलचे दोन थेंब चोळावेत. कागदी फिल्टर धुऊ नये. तो तळव्यावर हलके आपटावा किंवा आतून बाहेर या दिशेने मंद हवा द्यावी. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर जवळून मारला तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि त्यातून गेलेली माती पिस्टनला पॉलिश पेपरसारखी घासते. फिल्टर काढून ‘आजच्यापुरते’ यंत्र चालवणे, हा तर इंजिन संपवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

दुसरी जागा सिलिंडरभोवतीच्या पातळ पंखांची. वरचे प्लास्टिकचे आवरण काढले की दिसते, धूळ, ऑइलचा तवंग आणि कडुलिंबाच्या बारीक काड्या यांचा घट्ट नमदा त्या पंखांमध्ये बसलेला असतो. बाहेरून यंत्र स्वच्छ असते आणि आत सिलिंडरला वाराच लागत नसतो. उन्हाळ्यात दर आठवड्याला लाकडी काडीने व जुन्या टूथब्रशने हे पंख मोकळे करावेत. धातूचा पेचकस आत घालू नये. पाठीमागच्या हवेच्या जाळीवर चिकटलेली पाने तर काम चालू असतानाही यंत्र बंद करून अधूनमधून काढावीत.

प्लग दर २५ तासांच्या आसपास काढून पाहावा आणि १०० तासांना बदलावा. काढण्यापूर्वी त्याच्या बुडाभोवतीची माती फुंकून टाकावी. फट पुस्तिकेप्रमाणे, बहुधा ०.५ ते ०.७ मिलिमीटर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. बसवताना आधी हातानेच आटे धरू द्यावेत, मग पान्याने आवळावे. टाकीतला पेट्रोल फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर ओढता येतो; तो हंगामाला एकदा बदलावा. पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर असल्याने बहुतेक ब्लोअरमध्ये गिअर नसतो आणि ग्रीसचे काम राहत नाही.

पाचोळ्याचा हंगाम संपून यंत्र महिनाभर तरी लागणार नसेल, तर टाकी रिकामी करावी, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत संथ चालवावे, मग प्लग काढून त्या छिद्रातून टू-टी ऑइलचा लहान चमचाभर घालावा आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढून प्लग परत बसवावा. यंत्र जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगावे. उंदीर पेट्रोलच्या नळ्या कुरतडतात आणि कुंभारीण माशी नळीत व सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घर करते, म्हणून दोन्ही तोंडांना फडके बांधावे आणि सुरू करण्यापूर्वी ते काढायची आठवण राहावी यासाठी त्याचे टोक दोरीच्या मुठीला अडकवून ठेवावे.

बिघाड ओळखणे

यंत्र सुरूच होत नसेल तर आधी बटण, ताजे पेट्रोल आणि प्लग हे तीन पाहावेत. प्लगचा रंग बरेच सांगतो. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक आहे. काळा व ओला असेल तर फिल्टर तुंबला आहे, ऑइल जास्त झाले आहे किंवा चोक अर्धवट बंद आहे. पांढरा, कोरडा दिसला तर काम तिथेच थांबवावे. ऑइल कमी आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे, आणि असे यंत्र पूर्ण रेसवर जाम होते.

सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी बंद पडणारे यंत्र असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. ‘सुस्स’ असा आवाज होऊन यंत्र पुन्हा नीट चालू लागले, तर झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बंद झाले आहे आणि तेवढे साफ केले की पुरते. संथ चालते पण रेस घेत नाही, अशी तक्रार असेल तर एअर फिल्टर, टाकीतला फिल्टर आणि सायलेन्सरची जाळी या क्रमाने पाहावे. जाळी काढून तारेच्या ब्रशने काजळी घासावी, ती फेकून देऊ नये. ठिणग्या अडवण्याचे काम तीच करते. हे सर्व करूनही फरक पडला नाही तर कार्बोरेटरचा डायफ्राम कडक झालेला असतो आणि किट बदलावे लागते. कार्बोरेटरवरचे स्क्रू स्वतः फिरवू नयेत. जोर वाढल्यासारखा वाटतो, पण पेट्रोल कमी पडून सिलिंडर जास्त तापतो. हे काम मिस्त्रीकडेच द्यावे.

दोरी एकाएकी अडकली आणि हलेनाशी झाली तर जोर लावू नये. सायलेन्सर काढून त्या वाटेने बॅटरीच्या उजेडात पिस्टनची कड पाहावी. पिस्टन गुळगुळीत असेल तर अडथळा पंख्यात किंवा स्टार्टरमध्ये आहे आणि तो थोडक्यात निघतो. उभे, खोल ओरखडे दिसले तर सिलिंडर-पिस्टनचा जोड बदलण्यावाचून इलाज नाही. मोठ्या कंपनीच्या यंत्रात तो बदलून घेणे परवडते. बिनब्रँडच्या यंत्रात आधी जोडाची किंमत आणि मजुरी विचारावी, आणि ती नव्या यंत्राच्या निम्म्याच्या वर जात असेल तर जुने यंत्र प्लग, दोरी, पट्टे आणि नळी यांसाठी ठेवून द्यावे.